शनिवारचं भांडं

केडी फोर्क, मिझुरी
१८ मार्च १९८५

प्रिय विल्डा,

बातम्या दोन आहेत, एक गोड आणि एक कडू. गोड आधी सांगते, ती काही पोटात राहत नाही. आपली मार्लिस आई होणार आहे. म्हणजे मी पणजी. तू माझी नणंद, मार्लिसच्या बापाची आत्या, तर बाळाची कोण लागणार ते तूच काढ, मी शाळा चौथीत सोडली.

नऊ तारखेला, शनिवारी, पोरगी शहरातून एकटीच गाडी हाकत आली. मी नूडल्स लाटत होते. ओट्याला टेकून म्हणते, “आजी, जरा जास्त लाट, मी हल्ली दोघांचं खाते.” मला कळेचना. म्हटलं, नवऱ्यालाही आणलंयस का, मग त्याला गाडीत कशाला बसवून ठेवलंस? ती इतकी हसली की खुर्ची ओढून बसली. मग मी पिठाच्या हातानं तिचं तोंड धरलं आणि दोघी रडलो. कोंबडी चुलीवर उतू गेली ती गेलीच.

आयडाबेलला खोकला झाला होता, म्हणून माझ्या निळ्या फुलांच्या काचेच्या भांड्यात तिच्यापुरतं भरलं आणि दुपार कलल्यावर आम्ही दोघी तिला देऊन आलो. बातमी ऐकून आयडाबेल म्हणाली, “आर्डिथ, तुझं नाक न येवो म्हणजे झालं.” असंच बोलायची ती. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून असंच.

आता कडू. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. सोमवारी शेजारच्या फर्नला ती तळघराच्या पायऱ्यांखाली पडलेली सापडली. शेरीफ म्हणतो पाय घसरला. दोन-तीन वर्षांत गावातली ही चौथी एकटी बाई अशी पडून गेली. मी माझ्या पायऱ्यांना दोर बांधून घेतलाय.

गुरुवारी तिला पोचवलं. चर्चच्या तळघरात जेवण होतं, टेबलावर बोट ठेवायला जागा नाही. नंतर भांड्यांच्या बुडाला लावलेल्या नावाच्या चिकटपट्ट्या वाचून ज्याचं त्याला देता देता माझी कंबर गेली. त्या गडबडीत तुझा लेक डेल्मर दारात उभा, हातात माझं निळं भांडं. धुऊन लख्ख. म्हणाला, “मामी, मागच्या आठवड्यात बुधवारी आयडाबेलबाईंच्या विहिरीचा पंप दुरुस्त केला ना, तेव्हा त्यांनी दिलं होतं. तुला द्यायचं राहून गेलं.” आणि रिकामं नाही बरं, आत तुझ्या हातच्या नाशपतींची बरणी. एकटा पुरुष, पण दुसऱ्याचं भांडं ठेवून घ्यायचं नाही आणि रिकामं परत करायचं नाही, हे त्याला कळतं. तुझं वळण. फर्नला मी मुद्दाम ऐकवलं, तिचे मुलगे भांडी परत करतात ती कडेला वाळलेल्या भातासकट.

तुझी वहिनी,
आर्डिथ


हार्लन बेंड, नेब्रास्का
२ एप्रिल १९८५

प्रिय वहिनी,

मार्लिसला माझा पापा दे. मी बाळाची पणआत्या, मी हिशोब केला. पांढरी लोकर आणली आहे. आयडाबेलचं वाचून वाईट वाटलं, तिचा चेहरा मला तुझ्या लग्नातला आठवतो.

डेल्मरबद्दल लिहिलंस ते मी मोठ्यानं वाचलं, घरात कोणी नव्हतं तरी. लहानपणी तो शेजाऱ्यांचं भांडं घेऊन निघाला की मी फाटकापासून परत बोलवायचे आणि चार बिस्किटं का होईना आत टाकायचे. नाशपती त्याच झाडाच्या आहेत, तो झाला त्या वर्षी लावलेल्या. दर हिवाळ्यात त्याला खोकाभर पाठवते. दर रविवारी फोन करतो. इतकं आजकाल कोण करतं?

तुझी,
विल्डा


केडी फोर्क
२९ एप्रिल १९८५

विल्डा,

हे पत्र लिहायला बसते आणि उठते. कोंबड्यांना दाणे टाकून झाले, पडदे धुऊन झाले, आता कारण उरलं नाही.

काल पुन्हा नूडल्स केल्या. फडताळातून ते निळं भांडं काढलं आणि हात तिथेच थांबला. विल्डा, त्या बुधवारी भांडं आयडाबेलकडे नव्हतंच. माझ्याच फडताळात होतं. शनिवारी दुपार कलल्यावर मी नेऊन दिलं, मार्लिस बरोबर होती. मग बुधवारी आयडाबेलनं डेल्मरला काय दिलं?

आधी वाटलं त्यालाच विचारावं. टोपी घातली, दारापर्यंत गेले. मग टोपी काढली. का काढली ते तुला लिहीत नाही, तुला समजतं.

आज सकाळी शेरीफकडे गेले. भांडं पिशवीत नेलं. त्यानं आधी कॉफी दिली, मग ऐकलं, मग कॉफी त्याची त्यालाच प्यावीशी वाटेना. भांडं ठेवून घेतलंय.

तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते. साधं काही उत्तर निघालं तर मी डेल्मरसमोर गुडघे टेकून माफी मागीन, आणि माझे गुडघे कसे आहेत ते तू जाणतेस. उत्तर निघावं असं मला फार वाटतं.

आर्डिथ


हार्लन बेंड
३० जून १९८५

वहिनी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्याला धरून नेलं. आता त्याच्या शेडमध्ये सापडलं म्हणतात, आयडाबेलचं शिवणाचं अंगुस्तान, कोणाचा कंगवा, कोणाचा चष्मा. त्या चौघींच्या वस्तू. चौघींचे पंप तोच बघायचा. गावात कोणाचा पंप तो बघत नव्हता?

त्याचे वकील क्वेडसाहेब इथे येऊन गेले. शांत माणूस आहे. म्हणाले, म्हाताऱ्या बायका कामाच्या माणसाला काहीबाही देतात, ठेव म्हणतात, वस्तूंना उत्तर आहे. पडण्यालाही उत्तर आहे. उत्तर नाही ते फक्त भांड्याला. आणि भांडं म्हणजे तू.

मी तुला खोटं बोल म्हणत नाही. मी तसं कधी म्हणणार नाही. फक्त म्हण की आठवत नाही. बुधवार की शनिवार, आठवत नाही. तुझं वय सत्तरच्या पुढे, कोणी नावं ठेवणार नाही. एवढं एक वाक्य. नाहीतर ते त्याला मारतील, वहिनी. तिथे मारतात.

माझा भाऊ गेल्यावर माहेर म्हणून मला तूच आहेस. डेल्मर पाच वर्षांचा असताना तुझ्याकडे उन्हाळाभर राहिला होता, तुझ्याच हातानं जेवायचा. ते तरी आठवतं ना?

विल्डा


केडी फोर्क
२० ऑक्टोबर १९८५

विल्डा,

मुलगी झाली. सात तारखेला. डोक्यावर केस नाहीत, पण ओरडते अशी की दवाखान्यातली नर्स म्हणाली ही पुढे लिलाव पुकारील. नाव नोरा. आर्डिथ ठेवा असं मी सहज सुचवलं तर मार्लिस म्हणाली, “आजी, तिला शाळेत जायचंय.” नाक माझंच आलंय. आयडाबेल असती तर तिला किती बोलायला मिळालं असतं.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर केला. नाही म्हणायला मला इतका वेळ लागत नाही, पण तुला म्हणायचं होतं म्हणून लागला.

तो पाच वर्षांचा होता ते आठवतं. नूडल्स हातानं उचलून डोकं मागे टाकून खायचा. सगळं आठवतं, तीच तर अडचण आहे. गेल्या आठवड्यात चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. पण तो शनिवार? त्या शनिवारी मला माझी पणती मिळाली. तो दिवस विसरले म्हणायचं तर आधी या पोरीला मांडीवरून खाली ठेवावं लागेल. मी ठेवणार नाही.

तूच एकटी गप्प बस म्हणतेस असं नाही. आपले पाद्रीबुवा येऊन गेले, कोंबडीच्या दोन तंगड्या खाऊन वर म्हणतात, घरातलं घरात राहावं. म्हटलं, आयडाबेल घरातच होती. माझा मुलगा म्हणतो, “आई, तुला साक्षीला उभं केलं तर जज्जसाहेब निवृत्त होतील तरी तू कोंबड्यांबद्दलच बोलत असशील.” बोलू दे त्याला. मी नवी टोपी घेतलीय, त्याच्याच पैशांनी.

आणि एक सांगते, रागावशील तर राग. मीही एकटी राहते. माझाही पंप तोच बघायचा. यायचा, काम करायचा, ओट्याशी बसून कॉफी प्यायचा आणि विचारायचा, “मामी, इथे रात्रीची भीती नाही वाटत?” मला तेव्हा ती माया वाटायची.

मी जाणार. शनिवार म्हणणार.

आर्डिथ


हार्लन बेंड
३ नोव्हेंबर १९८५

आर्डिथ,

लोकरीचं झबलं पुरं झालं होतं, ते सोबत पाठवते. त्यात बाळाचा दोष नाही. यापुढे मला लिहू नकोस.

विल्डा हास्क


केडी फोर्क
२ मार्च १९८६

विल्डा,

लिहू नकोस म्हणालीस, मी लिहिते. वाचायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव, मी आयुष्यात कोणाचं ऐकून गप्प बसले नाही आणि तुझ्या भावानं तो प्रयत्न कधीच सोडून दिला होता.

तू कोर्टात होतीस. मी पाहिलं. शेवटच्या बाकावर, करड्या कोटात, वरचं बटण तुटलेलं. माझ्याकडे बघितलं नाहीस. मग मीच तुझ्या बटणाकडे बघत बोलले, नजर कुठेतरी टेकवावी लागते.

तुझे क्वेडसाहेब खरंच शांत आहेत. मऊ आवाजात म्हणाले, “बाई, या वयात दिवसांची सरमिसळ होते, आमच्या आईचीही होते.”

म्हटलं, “आईला दर आठवड्याला भेटायला जा, म्हणजे होणार नाही.”

जज्जसाहेबांनी मला विचारलं तेवढंच बोला म्हणून सांगितलं. म्हटलं बरं.

“तर तो बुधवारही असू शकेल?”

“नाही. बुधवारी मी पणजी नव्हते.”

लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण ज्युरीतल्या एका बाईनं रुमाल काढला. क्वेडसाहेबांनी कागद खाली ठेवले. मला त्यांची दया आली, पण थोडीच.

मग सरकारी वकिलांनी ते भांडं सगळ्यांसमोर धरलं. बुडाला माझ्या हातची चिकटपट्टी, ‘आ. प्रुएल’. त्यांनी विचारलं, हे तुम्ही भरून दिलं होतं, मग आतल्या नूडल्स कोणी खाल्ल्या असतील? क्वेडसाहेब उठून हरकत म्हणाले, जज्जसाहेबांनी हरकत मानली. मला उत्तर द्यावं लागलं नाही. पण प्रश्न सगळ्यांनी ऐकला होता, तूही ऐकलास. आयडाबेलच्या घरात, तिच्या टेबलाशी बसून त्यानंच खाल्ल्या. आणि मग भांडं घासलं, तुझी बरणी आत ठेवली, आणि मला आणून दिलं. दुसऱ्या कोणी ते नदीत फेकलं असतं. त्याला फेकता आलं नाही. तू लहानपणी जे हातात दिलंस तेवढंच त्याच्यात शिल्लक होतं, आणि त्यानंच तो धरला गेला. मी हे तुला टोचायला लिहीत नाही. त्याच्यातलं ते एक तुझं होतं, बाकीचं कुठून आलं ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही.

तो दोषी ठरल्यावर सरकारी वकील मला म्हणाले, आता ज्युरीला सांगा की त्याला मरणाची शिक्षा द्या, तुमचं ऐकतील. त्यांनाही नाही म्हटलं. मी शनिवार सांगायला आले होते, सांगितला. एखाद्याला मारा म्हणणं हे माझं काम नाही. ते नाराज झाले. फर्न तर अजून माझ्याशी नीट बोलत नाही, म्हणते भाच्याला वाचवलंस. तू म्हणतेस बुडवलं. तुम्ही दोघी मिळून काय ते एकदा ठरवा.

मरणाच्या शिक्षेवर ज्युरीचं एकमत झालं नाही. जन्मभर तुरुंग, सुटका नाही. तू बाहेर पडलीस तेव्हा मी पायऱ्यांवर थांबले होते. तू बाजूच्या दारानं गेलीस.

आर्डिथ


हार्लन बेंड
१२ डिसेंबर १९८७

वहिनी,

वरच्या कोर्टानं त्याचं अपील फेटाळलं. आता पुढे काही नाही म्हणतात. तुला कळलंच असेल, तरी माझ्याकडून कळवते.

मी बरी आहे. लोक येतात-जातात, चर्चमधल्या बायका चौकशी करतात, दिवस जातो. माझी काळजी करू नकोस.

विल्डा


केडी फोर्क
२२ मे १९८८

प्रिय विल्डा,

वहिनी म्हणालीस. ते मी मार्लिसला दाखवलं, फर्नला दाखवलं, नोराला दाखवलं. नोरानं कागदाचा कोपरा चावला, तेवढाच तो खराब झालाय. ती आता धावते. मांजराला ‘आजी’ म्हणते आणि मला काहीच म्हणत नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस लोक येतात-जातात. पण पाकिटावर शिक्का हार्लन बेंडचा नव्हता, ओकोराचा होता. हिवाळ्यात एवढ्या लांबच्या गावी जाऊन कोणी पत्र टाकतं का? मी मार्लिसच्या नवऱ्याला विचारलं, तो ट्रक घेऊन तुमच्या बाजूला जातो. त्यानं चौकशी केली, मीच सांगितली होती, त्याच्यावर चिडू नकोस. तू किराणाही ओकोराहूनच आणतेस म्हणे. चर्चला जाणं सोडलंस. फाटकावर कोणी काय लिहिलं होतं तेही त्यानं सांगितलं. तू तेवढा भाग रंगवून काढलास.

मी इथे बसून विचार केला. आपल्याकडे माणूस मेला की घरी जेवण येतं, बायका रांग लावतात. तुझ्या घरी कोणी मेलं नाही, म्हणून कोणी आलं नाही. जन्मभर आत गेलेल्या मुलाच्या आईकडे काय न्यायचं, हे कोणी ठरवूनच ठेवलेलं नाही. तर ते मी ठरवलं. अक्रोडाचा केक.

गेल्या आठवड्यात शेरीफनं भांडं परत दिलं. तीन वर्षं कोर्टाच्या कपाटात होतं, काचेला काही झालेलं नाही. तो म्हणाला, बहुतेक लोक अशा वस्तू नको म्हणतात. म्हटलं, माझं भांडं आहे, मी का नको म्हणू? फर्न म्हणाली, “ते भांडं तू त्या घरात पाठवणार?” गावात सगळ्यांना कळलंय, कारण मीच सांगितलं. परवा दुकानात एकीनं मला पाठ दाखवली. चांगली रुंद पाठ आहे तिची, मी आरामात बघून घेतली.

केक त्या भांड्यात आहे, ट्रकमध्ये घोंगडीत गुंडाळून येईल. नूडल्स पाठवत नाही. त्या मी आता त्यात कधी करणार नाही.

स्पष्ट सांगते, हे डेल्मरसाठी नाही. त्याला माझ्या हातचा तुकडाही मिळायचा नाही. त्याच्यासाठी माझ्याकडे शनिवार होता, तो मी दिला, आणि उद्या पुन्हा विचारलं तरी तोच देईन. हे तुझ्यासाठी आहे. तू काही केलेलं नाहीस.

बुडाला नवी चिकटपट्टी लावली आहे, नाव माझं. म्हणजे भांडं मला परत हवंय. कसं परत करायचं असतं ते तुला मी शिकवायला नको.

तुझी वहिनी,
आर्डिथ


हार्लन बेंड
९ सप्टेंबर १९८८

प्रिय वहिनी,

केक मी एकटीनं खाल्ला. शेवटच्या दिवशी तो वाळला होता, कॉफीत बुडवून खाल्ला. भांडं मेमध्येच धुऊन ठेवलं होतं. परत करायला उशीर का झाला ते सांगते.

हिवाळ्यात नाशपतीचं झाड तोडायला माणूस बोलावला होता. तो कुऱ्हाड घेऊन आला आणि मी त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. तीन वर्षं फळं खाली पडून कुजू दिली होती. या वर्षी उतरवली. पिकायला सप्टेंबर उजाडतो, म्हणून थांबले.

महिन्यातून एकदा मी त्याला भेटायला जाते. जात राहणार. त्यावर तू काही बोलायचं नाहीस. शनिवारबद्दल मी काही बोलणार नाही. एवढं ठरलं तर बाकी सगळं बोलू, मला बाळाचं नाक बघायचंय.

पत्र आज इथल्याच पोस्टात टाकते आहे. खिडकीतली बाई तुझं नाव वाचील, वाचू दे.

भांडं टपालानं पाठवत नाही, काच आहे. गुरुवारच्या बसनं स्वतः आणते. मला न्यायला कोणाला पाठवू नकोस. बसथांब्यापासून तुझ्या घरापर्यंत सगळा मोठा रस्ता आहे, दुकान आहे, चर्च आहे, फर्नचा व्हरांडा आहे. भर दुपारी भांडं हातात धरून चालत येईन आणि पुढच्या दारानं येईन. ज्यांना पाठ दाखवायची असेल त्यांना ती दाखवायला सोपं जाईल.

आत नाशपती आहेत, पाकातल्या. तुला खाववतील की नाही मला माहीत नाही. नाही खाववल्या तर माझ्यासमोर कोंबड्यांना घाल. पण भांडं मी रिकामं आणणार नाही.

तुझी,
विल्डा